जुन्या अणुवीज केंद्रांचा पर्यावरणावरचा भार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उदाहरणं शक्य तिथे पालघर जिल्ह्यातल्या तारापूरची घेतली आहेत. देशातलं सर्वात जुनं अणुवीज केंद्र तेच, आणि जुनेपणाचे बहुतेक सगळे प्रश्न तिथे एकाच आवारात भेटतात.

‘जुनं’ कशाला म्हणायचं?

तारापूरचे संच १ आणि २ ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या, म्हणजे पाणी भट्टीतच उकळून वाफ होते अशा. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट. दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्यावर ती जनित्रं कायमची वेगळी काढली आणि १९८० च्या दशकात क्षमता १६० मेगावॉटवर आणली. शेजारचे संच ३ आणि ४ प्रत्येकी ५४० मेगावॉटचे, जडपाण्यावर (हायड्रोजनऐवजी त्याचाच जड प्रकार ड्युटेरियम असलेल्या पाण्यावर) चालणारे. ते २००५-०६ मध्ये सुरू झाले.

पण नुसत्या वयावरून केंद्र जुनं ठरवणं फसवं आहे. पंप, झडपा, केबल, नियंत्रण यंत्रणा हे सगळं बदलता येतं. अणुभट्टीचं दाबपात्र आणि काँक्रीटची इमारत मात्र व्यवहारात बदलता येत नाही. त्यामुळे दाबपात्राच्या पोलादाला न्यूट्रॉनच्या माऱ्याने किती ठिसूळपणा आला, हा आयुष्याचा खरा हिशेब. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांचा परवाना देतं आणि दर दहा वर्षांनी पूर्ण सुरक्षा आढावा मागतं.

जुनं केंद्र नव्यापेक्षा जास्त प्रदूषण करतं का?

काही बाबतींत हो, पण लोकांना वाटतं त्या बाबतींत नव्हे. सर्वाधिक भीती चिमणीची असते आणि नेहमीच्या कामकाजात सर्वात कमी भार तिचाच असतो. रोजचा मोठा भार समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याचा. सर्वात दीर्घकाळ टिकणारा भार वापरलेल्या इंधनाचा आणि पुढे केंद्र मोडताना निघणाऱ्या कचऱ्याचा. आणि हा कचरा किती निघेल, हे आधीच्या चाळीस-पन्नास वर्षांत पाइपांचा धातू आणि पाण्याचं रसायन कसं सांभाळलं यावर बरंचसं ठरतं. म्हणून या पानावर चिमणीपेक्षा पाइपांबद्दल जास्त लिहिलं आहे.

बाहेर नेमका किती किरणोत्सर्ग जातो?

केंद्रामुळे सामान्य नागरिकाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा (शरीराला मिळालेल्या किरणमात्रेचं एकक) जास्त मात्रा मिळता कामा नये, अशी मर्यादा आहे. हवा, पाणी, अन्न हे सगळे मार्ग त्यात धरलेले असतात. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. एईआरबीचे वार्षिक अहवाल पाहिले तर केंद्रांजवळच्या मात्रा या मर्यादेच्या अगदी थोड्या अंशावर दिसतात.

उकळत्या पाण्याच्या भट्टीत एक अडचण मुळातच आहे: भट्टीतली वाफ थेट टर्बाइनमध्ये जाते. इंधनाच्या नळीला सूक्ष्म भोक पडलं तर झेनॉन, क्रिप्टॉन, आयोडीन वाफेबरोबर कंडेन्सरपर्यंत, म्हणजे वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करणाऱ्या भागापर्यंत, पोहोचतात. उपाय दोन. पहिला, हे वायू चिमणीत सोडण्याआधी अडवून धरणं, कारण झेनॉन-१३३ चं अर्धायुष्य (निम्मा भाग विरायला लागणारा काळ) सुमारे ५.२ दिवस आहे आणि कोळशाच्या थरातून सावकाश जाताना त्याचा बराच भाग विरून जातो. क्रिप्टॉन-८५ चं अर्धायुष्य १०.७ वर्षं असल्याने त्याच्यावर ही युक्ती चालत नाही. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा: गळकं इंधन ओळखून पुढच्या इंधनबदलात काढून टाकणं. एक भोक पडलेली नळी वर्षभर तशीच चालू ठेवली की पाणी आत शिरतं, भोक मोठं होतं आणि युरेनियमचे कण सगळ्या यंत्रणेत पसरतात. ते नंतर कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाहीत.

पाइप बदलणं हा पर्यावरणाचा विषय कसा?

१९६० च्या दशकातल्या या प्रकारच्या भट्ट्यांत पाणी फिरवणारे मोठे पाइप ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असत. या स्टीलमध्ये ०.०८ टक्क्यांपर्यंत कार्बन चालतो. वेल्डिंग करताना जोडाशेजारची पट्टी साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये काही काळ राहते. तेवढ्यात कार्बन क्रोमियमला धरतो आणि स्फटिककणांच्या सीमेवर क्रोमियमची टंचाई होते. म्हणजे स्टीलला ‘स्टेनलेस’ करणारा घटकच तिथे अपुरा पडतो. त्यात वेल्डिंगमुळे धातूत अडकलेला ताण, आणि किरणांनी पाणी फुटून तयार झालेला ऑक्सिजन, सुमारे २०० भाग प्रतिअब्ज. तिन्ही एकत्र आले की कणसीमांवरून तडा आत सरकतो. तिन्हींतलं एक काढलं तरी तडा थांबतो.

त्यामुळे उपायही तीन दिशांनी होतात:

- धातू बदलणं: कमी कार्बनचं, नायट्रोजन मिसळलेलं ३१६ प्रतीचं स्टील वापरणं.
- ताण बदलणं: जोडाला बाहेरून तापवून, आतून पाणी वाहतं ठेवून आतला ताण दाबाकडे वळवणं, किंवा वरून वेल्डचा जाड थर चढवणं.
- पाणी बदलणं: पुरवठ्याच्या पाण्यात हायड्रोजन सोडून ऑक्सिजन मारणं. धातूचं विद्युत-रासायनिक विभव उणे २३० मिलिव्होल्टच्या खाली गेलं की तडा जवळजवळ थांबतो.

तिसऱ्या उपायाची किंमत मोजावी लागते. जास्त हायड्रोजन दिला की भट्टीत तयार होणारा किरणोत्सर्गी नायट्रोजन-१६ पाण्यात न राहता वाफेबरोबर जाऊ लागतो आणि टर्बाइन इमारतीतली किरणमात्रा चार-पाच पटींपर्यंत वाढते. धातूवर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूचा पातळ लेप बसवला तर थोड्या हायड्रोजनवर भागतं.

तारापूरचे दोन्ही जुने संच २०२० पासून दीर्घ काळ बंद ठेवून हेच पुनराभिसरणाचे पाइप बदलण्याचं काम हाती घेतलं गेलं. पर्यावरणाशी संबंध सरळ आहे: गळती म्हणजे किरणोत्सर्गी पाणी गोळा करणं, गाळणं, त्या गाळण्यांची विल्हेवाट लावणं. काढलेले पाइप हाही कचराच, पण तो एकदाच निघतो आणि त्याचं मोजमाप आधी करता येतं.

कोबाल्ट-६० चा एवढा बोलबाला का?

झडपांच्या बैठका झिजू नयेत म्हणून त्यांवर स्टेलाइट नावाच्या मिश्रधातूचा थर देतात. त्यात निम्म्याहून जास्त कोबाल्ट असतो. झीज होऊन मिलिग्रॅमभर कण पाण्यात गेले, भट्टीत फिरून आले, की साध्या कोबाल्ट-५९ चा कोबाल्ट-६० होतो. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, आणि गॅमा किरण भेदक. बंद केंद्रात कामगारांना मिळणारी मात्रा आणि काढलेल्या धातूचा वर्ग, दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा हाच ठरवतो.

तो रोखायचा स्वस्त मार्ग म्हणजे दुरुस्तीच्या वेळी बिनकोबाल्टची झडप बसवणं आणि झडप घासल्यानंतरचा चुरा पाइपात न सोडणं. दुसरी बाब इतकी साधी आहे की नेमकी तीच राहून जाते. झडप उघडून घासण्याआधी दोन्ही बाजूंना बुच, काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसणं, मग व्हॅक्यूम, आणि कोणीतरी तपासून सही. यात अर्धा तास जातो. न केल्यास चुऱ्याचा परिणाम पुढच्या इंधनचक्रापासून दिसू लागतो.

पाण्यात ५ ते १० भाग प्रतिअब्ज जस्त ठेवणं हा दुसरा मार्ग. पाइपाच्या आतल्या गंजाच्या थरात कोबाल्ट ज्या जागा धरतो त्याच जस्त आधी अडवतं. मात्र साधं जस्त चालत नाही. त्यात जवळपास निम्मं जस्त-६४ असतं, त्याचं भट्टीत जस्त-६५ होतं (अर्धायुष्य २४४ दिवस), म्हणजे एक उपद्रव काढून दुसरा आणला. त्यासाठी जस्त-६४ काढून टाकलेलं महागडं जस्त घ्यावं लागतं.

रासायनिक धुलाईने पाइप स्वच्छ होतात ना?

होतात, पण किरणोत्सर्ग नाहीसा होत नाही. पाइपावरून निघून रेझिनमध्ये, म्हणजे पाण्यातले विरघळलेले घटक धरून ठेवणाऱ्या गाळणीच्या दाण्यांत, जातो. क्रम साधारण असा: सुमारे ९० अंशांना परमँगनेट फिरवून थरातलं क्रोमियम विरघळवणं, उरलेलं परमँगनेट मारणं, मग अगदी सौम्य सेंद्रिय आम्ल फिरवून लोहाचा थर सोडवणं, आणि ते सगळं आयन-विनिमय रेझिनमधून गाळून घेणं. सौम्य म्हणजे खरोखर सौम्य, एक टक्क्याहूनही कमी. भारतातल्या जडपाण्याच्या भट्ट्यांत ही धुलाई अनेकदा झाली आहे.

बिघडतं ते तीन ठिकाणी. ऑक्झॅलिक आम्ल जास्त झालं तर लोहाचं ऑक्झॅलेट साका धरून वाहत्या वाटेबाहेरच्या आंधळ्या फाट्यांत बसतं आणि तिथली मात्रा आधीपेक्षा वाढते. प्रवाह कमी पडला तर सुटलेले कण दुसरीकडे चिकटतात. आणि धुतल्यावर उघडी पडलेली धातूची पाटी तशीच भट्टीच्या पाण्याला लावली तर ती नव्याने कोबाल्ट झपाट्याने ओढते. आधी तिच्यावर स्वच्छ थर बसवून घ्यावा लागतो. आमच्या मते ज्या धुलाईच्या अहवालात ‘किती पट मात्रा उतरली’ एवढंच लिहिलेलं असतं आणि ‘किती घनमीटर रेझिन निघालं’ हे नसतं, तो अहवाल अर्धा आहे.

समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याचं काय?

हा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. १६० मेगावॉट वीज, कार्यक्षमता साधारण ३० टक्के, म्हणजे भट्टीत सुमारे ५३० मेगावॉट उष्णता. उरलेले ३७० मेगावॉट समुद्रात जातात. कोळशाच्या केंद्रात थोडी उष्णता धुराड्यातून निघून जाते; इथे जवळपास सगळी पाण्यातच. एक घनमीटर समुद्राचं पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.१ मेगाजूल लागतात. पाणी ७ अंशांनीच तापवायचं ठरवलं तर सेकंदाला सुमारे १३ घनमीटर लागतं, दिवसाला ११ लाख घनमीटर. १० अंश चालवले तर ९ घनमीटर पुरतं.

इथे खरी ओढाताण आहे. तापमान कमी ठेवायचं तर जास्त पाणी ओढायचं, आणि जास्त पाण्याबरोबर माशांची अंडी, पिल्लं, करंदीचे डिंभक जास्त ओढले जातात. औष्णिक केंद्रांसाठीच्या भारतीय नियमांत समुद्राचं पाणी वापरणाऱ्या नव्या केंद्रांना ७ अंशांची आणि जुन्यांना १० अंशांची वाढ मान्य आहे. फक्त तापमानाचा आकडा पाहून ‘सात चांगलं, दहा वाईट’ म्हणणं म्हणूनच पुरेसं नाही.

व्यवहारात काय करता येतं?

पाणी घेण्याच्या तोंडाशी जाळीतून जाणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला १५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवला तर बहुतेक लहान मासे पोहून सुटतात. जुन्या केंद्रात हे करायचं तर तोंड रुंद करावं लागतं, म्हणजे बांधकाम. त्याहून सोपं: फिरत्या जाळ्यांवर पाण्याने भरलेल्या बादल्या आणि मासे समुद्रात परत सोडणारा वेगळा पन्हळ. जाळी जोरदार फवाऱ्याने झोडपून मासा कचऱ्याबरोबर खड्ड्यात टाकण्याची जुनी रीत पहिल्यांदा बंद करावी.

सोडलेलं पाणी परत आत येत नाही ना, हेही पाहावं लागतं. उधाणाच्या भरती-ओहोटीत मिसळण चांगली होते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत प्रवाह मंद असतो आणि गरम पाण्याचा पट्टा किनाऱ्याला लागून रेंगाळतो. मोजणी फक्त उधाणाला केली तर चित्र खोटं चांगलं दिसतं. मे महिन्यातल्या भांगाचे आकडे मागावेत, कारण तेव्हा समुद्र आधीच तापलेला असतो आणि उष्ण कटिबंधातले जीव आपल्या सहनशक्तीच्या वरच्या टोकाजवळच जगतात.

पाण्यात क्लोरिन का घालतात? टाळता येत नाही का?

न घातल्यास पाइपांत शिंपले आणि बार्नॅकल वाढतात, प्रवाह घटतो, कार्यक्षमता घसरते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. क्लोरिन त्याला ब्रोमिनमध्ये बदलतो आणि शेवटी ब्रोमोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. सोडलेल्या पाण्यात मोकळा क्लोरिन लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असा नियम आहे.

सतत मात्रा देण्याऐवजी थांबून-थांबून देणं हा कमी क्लोरिनमध्ये काम भागवण्याचा मार्ग आहे. शिंपला क्लोरिन जाणवला की मिटतो आणि उघडायला वेळ घेतो. तो उघडेपर्यंत मात्रा बंद ठेवली तरी तो उपाशीच राहतो. कंडेन्सरच्या नळ्यांसाठी स्पंजचे गोळे फिरवून घासण्याची सोय असेल तर आणखी बचत होते. गोळे समुद्रात सुटणार नाहीत एवढी जाळी तेवढी नीट हवी.

जुन्या कंडेन्सरच्या नळ्या तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात. त्यांतून विरघळणारं तांबं शिंपल्यांच्या पिल्लांना घातक ठरतं. कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅन्यन केंद्रात १९७० च्या दशकात याच कारणाने अ‍ॅबलोनी शिंपले मेले आणि नळ्या टायटॅनियमच्या बसवाव्या लागल्या. टायटॅनियमने गळती कमी होते, समुद्राचं मीठ भट्टीच्या पाण्यात शिरत नाही, त्यामुळे रेझिनही कमी संपतं.

तारापूर-डहाणूकडचे मासे खावेत का?

केंद्राच्या नियमित विसर्गामुळे टाळण्याचं कारण नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा मासे, समुद्राचं पाणी, शेवाळ, दूध, भाजीपाला यांचे नमुने तपासते. आयोडीनसाठी बकऱ्याची थायरॉइड ग्रंथीसुद्धा, कारण आयोडीन तिथे साठतं. आकडे वाचताना एक लक्षात ठेवा: माशात नैसर्गिक पोटॅशियम-४० किलोमागे १०० बेकरेलच्या (किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक) आसपास असतंच. विचारायचं ते सीझियम-१३७ आणि कोबाल्ट-६० बद्दल.

जडपाण्याच्या भट्ट्यांचं गणित वेगळं असतं का?

हो. तिथे ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, हा मुख्य विषय. जडपाण्यातल्या ड्युटेरियमवर न्यूट्रॉन आदळून तो तयार होतो, अर्धायुष्य १२.३ वर्षं, आणि पाण्याचाच भाग असल्याने गाळून काढता येत नाही. म्हणून गळतीच थांबवायची: सांध्यांचे सील वेळेवर बदलणं आणि इमारतीतली हवा कोरडी करणाऱ्या यंत्रांतून जडपाणी परत मिळवणं. जडपाणी महाग असल्याने इथे पैशाचा आणि पर्यावरणाचा स्वार्थ एकच आहे, हे सुदैव.

राजस्थान आणि कल्पाक्कमच्या पहिल्या भट्ट्यांत कॅलँड्रियाभोवतीच्या (जडपाणी धरणाऱ्या भट्टीच्या मुख्य पात्राभोवतीच्या) कोठीत हवा होती. तिच्यातल्या आर्गॉनचं आर्गॉन-४१ होऊन चिमणीतून जाई. उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्यापासून पुढच्या भट्ट्यांत ती कोठी पाण्याने भरलेली आहे आणि हा विसर्ग जवळपास संपला. आराखड्यातल्या एका बदलाने जे साधलं ते कुठल्याही गाळणीने साधलं नसतं.

रोजचा किरणोत्सर्गी कचरा कुठे जातो?

कमी तीव्रतेचा घन कचरा केंद्राच्या परिसरातच, जमिनीलगतच्या साठ्यात: तीव्रतेनुसार मातीचे चर, सिमेंट-काँक्रीटचे चर आणि जास्त तीव्रतेसाठी पोलादी अस्तराच्या उभ्या विहिरी. देखरेख ३०० वर्षांची धरतात, कारण सीझियम-१३७ ची दहा अर्धायुष्यं तेवढी होतात आणि त्याचा हजारावा भाग उरतो.

कमी करायची जागा मात्र चराजवळ नाही, दाराजवळ आहे. नियंत्रित भागात नेलेलं प्रत्येक खोकं, लाकडी फळी, प्लॅस्टिकचं वेष्टण बाहेर येताना संशयित कचरा ठरतं. साहित्य बाहेरच उघडून नेलं की फरक लगेच पडतो. पीव्हीसीचे हातमोजे आणि चादरी टाळाव्यात. जाळताना हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन ते कचरा जाळणाऱ्या भट्टीची चिमणी खातं.

रेझिन सिमेंटात मुरवताना घाई नडते. कोरडं रेझिन पाणी पिऊन फुगतं आणि घट्ट झालेला ठोकळा फोडतं. म्हणून आधी पूर्ण भिजवणं, प्रमाण कमी ठेवणं, किंवा सिमेंटऐवजी पॉलिमर वापरणं.

आणि वापरलेलं इंधन?

भट्टी बंद केल्या क्षणी इंधन पूर्ण शक्तीच्या ६ ते ७ टक्के उष्णता देत असतं, दिवसानंतर अर्धा टक्का. काही वर्षं पाण्याच्या तलावात ठेवावंच लागतं. नंतर कोरड्या पिंपांत हलवता येतं. तारापूरच्या जुन्या संचांचं इंधन समृद्ध युरेनियमचं आणि आंतरराष्ट्रीय देखरेखीखालचं. १९६३ च्या भारत-अमेरिका कराराच्या अटींमुळे त्याच्या पुनर्प्रक्रियेचा (उरलेलं युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढण्याचा) प्रश्न दशकानुदशके लोंबकळत राहिला.

किरणोत्सर्गी नसलेला धोका कोणता?

अ‍ॅस्बेस्टॉस आणि पीसीबी (निसर्गात सहज न विरणारी विषारी क्लोरिनयुक्त रसायनं) असलेलं ट्रान्सफॉर्मर तेल. साठच्या दशकातल्या कोणत्याही वीजकेंद्रात दोन्ही शोधावेच लागतात. भारतात पीसीबीचा वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत संपवण्याचा आदेश २०१६ चा आहे. तेल बदललं तरी गुंडाळीच्या कागदात मुरलेलं पीसीबी नव्या तेलात उतरतं, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा नमुना घ्यावा.

मग बंदच का करत नाहीत?

कार्बनच्या बाजूने पाहिलं तर १६० मेगावॉटचा एक संच ८० टक्के भाराने वर्षाला सुमारे ११२ कोटी युनिट वीज देतो. तेवढीच वीज कोळशावर केली तर साधारण ९ लाख टन कार्बन डायऑक्साइड. पण हा युक्तिवाद प्रत्येक जुन्या संचाला सरसकट लावू नये. दुरुस्तीनंतर किती वर्षं मिळणार, त्यासाठी किती कामगारांना किती मात्रा आणि किती कचरा, हे शेजारी मांडल्यावरच उत्तर निघतं.

बंद केल्यावर लगेच मोडावं की थांबावं?

पन्नास वर्षं थांबलं तर कोबाल्ट-६० सुमारे सातशेवा भाग उरतो, काम सोपं होतं. पण केंद्र ओळखणारी माणसं निवृत्त होतात, नकाशे आणि प्रत्यक्ष यांचा मेळ सांगणारं कोणी उरत नाही, आणि इमारत तर सांभाळावीच लागते. आम्ही लवकर मोडण्याच्या बाजूचे आहोत, फक्त इंधन आधी बाहेर गेलेलं हवं. जर्मनीतलं वुर्गासन हे ६७० मेगावॉटचं, उकळत्या पाण्याचंच केंद्र १९९४ मध्ये बंद पडलं. मोडायला १९९७ ते २०१४ लागली आणि खर्च सुमारे १ अब्ज युरो.

भारतात यासाठी युनिटमागे २ पैसे बाजूला पडतात. वरच्या संचाच्या हिशेबाने वर्षाला सव्वादोन कोटी रुपये, चाळीस वर्षांत व्याज सोडून सुमारे ९० कोटी. मजुरी स्वस्त धरली, व्याज धरलं, तरी वुर्गासनचा आकडा समोर ठेवल्यावर ही तरतूद तोकडी वाटते.

माहिती कुणाकडे मागायची?

किरणोत्सर्गाविषयीचं सगळं एईआरबीकडे. वार्षिक अहवालात प्रत्येक केंद्राचा विसर्ग मर्यादेच्या किती टक्के ते दिलेलं असतं. गरम पाणी, क्लोरिन, सांडपाणी यांसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र मागा. संच १ आणि २ हे पर्यावरण मंजुरीचे नियम येण्याआधीचे असल्याने त्यांचा मूळ परिणाम-अभ्यास शोधत बसू नका. त्याऐवजी विसर्गाच्या तोंडाशी आणि पाणी घेण्याच्या तोंडाशी एकाच वेळी घेतलेल्या तापमानाच्या तासागणिक नोंदी मागा, तिथीसह.